बेखेर कुंभाराच्या गुडघ्याबाबत

मी, बेखेर, बाप अमीहूद, कूळ अबियेजेर, वंश मनश्शे, धंदा मडकी घडवण्याचा, वय सहासष्ट, राहणार अफ्रा, झऱ्याच्या उतारावरचे तिसरे घर, आज अबीब महिन्याच्या पाचव्या दिवशी, डोके ताळ्यावर असताना, पोट भरलेले असताना आणि द्राक्षारसाची एकच वाटी झालेली असताना, माझ्यामागे माझ्या चीजवस्तूंचे काय व्हावे ते लिहवून घेत आहे. कोणी मला धमकावलेले नाही की गोड बोलून वळवलेले नाही. दात गेले आहेत, पण मृत्युपत्राला दात लागत नाहीत. माझी बायको सेरह शेजारी बसून मसूर निवडत आहे. ती मधे मधे बोलणार. तिचे बोलणेही जसेच्या तसे लिहावे, म्हणजे नंतर हे सगळे खोटे आहे असे तिला म्हणता येणार नाही.

लिहिणारा मल्कीएल, वेशीवरचा लेखनिक. तो चामडे घेऊन आला होता. मी म्हटले, "कुंभाराच्या घरी येऊन चामड्यावर लिहितोस? परसात फुटक्या मडक्यांचा एवढा ढीग पडलाय, त्यातल्या खापऱ्या घे." तेव्हा हे मृत्युपत्र खापऱ्यांवर आहे. प्रत्येक खापरीच्या कडेला तिच्या क्रमाच्या रेघा ओढल्या आहेत. एकीतही कोणी मीठ ठेवू नये. सेरह, हे तुझ्यासाठी आहे.

"घरात एक तरी अख्खं भांडं असतं तर खापरीत मीठ ठेवायची वेळ आली असती का?" सेरह म्हणते. "सगळ्या अफ्र्याला हा माणूस रांजण पुरवतो आणि आमच्या चुलीवर कायम गळकं मडकं."

लिहिलेस? बरे.

हे सगळे आत्ताच का, तेही सांगून टाकतो. मी उद्याच मरतो आहे असे नाही. माझी नात होग्ला हिचे लग्न ओज्नी धनगराचा नातू पेलेत याच्याशी व्हावे अशी तिची इच्छा आहे, पेलेतची इच्छा आहे आणि माझीही इच्छा आहे. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा शिल्लेम, तोंड फिरवून बसला आहे. मी डोळे मिटले की या घरात त्याचा शब्द चालणार. म्हणून माझा शब्द मी असेपर्यंत लिहून ठेवतो.

कलम पहिले. घर शिल्लेमचे. मात्र माळवदावरची खोली सेरह असेपर्यंत सेरहची, आणि त्या खोलीखालच्या स्वयंपाकात काय शिजेल तेही तीच ठरवेल. जिन्याची चौथी पायरी वीस वर्षे हलते आहे. ती बसवून घ्यावी. हे मी जिवंतपणी दर सणाला सांगितले, आता मेल्यावरही सांगतो.

कलम दुसरे. जैतुनाची अकरा झाडे आणि द्राक्षांचा मळा, तोही शिल्लेमचा. झाडांच्या बाबतीत त्याचा हात चांगला आहे. मातीच्या बाबतीत मात्र देवाने त्याला काहीच दिलेले नाही. त्याची मडकी एका अंगाला कलतात. एकदा बाजारात एका बाईने विचारले होते, "ही मुद्दाम अशी घडवलीत का?" शिल्लेम म्हणाला, "हो." ती दोन घेऊन गेली. माझा मुलगा तोंडाने विकू शकतो, हाताने घडवू शकत नाही.

कलम तिसरे. चाक, त्याचे दोन्ही दगड, थापी, घासायच्या गोट्या, मातीचा खड्डा आणि भट्टी होग्लाला. कोणी भुवया उंचावू नयेत. सलाफहादला मुलगा नव्हता तर त्याच्या मुलींना जमीन मिळाली, त्याही आपल्या मनश्शेच्याच. मग माझ्या नातीला दगडाचे चाक मिळायला काय हरकत आहे? ती सात वर्षांची असताना तिने पहिला दिवा घडवला तेव्हा मी भट्टीसमोर उभा राहून मोठ्याने रडलो. माझा हात पुढे चालणार हे मला त्या दिवशी कळले. ती लग्न होऊन जिथे जाईल तिथे चाक जाईल. बैलगाडीचे भाडे मळ्याच्या उत्पन्नातून द्यावे.

कलम चौथे. हासूब, वेशीवरचा, यास माझा गळका रांजण. हासूब कोण हे सांगायला हवे, म्हणजे बाकीचेही सांगून होईल.

एकोणचाळीस वर्षांपूर्वी आमच्याच गावच्या गिदोनने तीनशे माणसे घेऊन मिद्यान्यांची छावणी उधळली. त्या तीनशेतला हासूब एक आणि मी एक. तेव्हापासून वेशीच्या आतला दगडी ओटा आमचा आहे. सणाला पहिली भाकर आमची. झऱ्यावर पहिले पाणी आमच्या घरचे. हासूबने त्या रात्री नऊ मिद्यानी मारले असे तो सांगतो. पहिल्या वर्षी तीन होते. मी त्याला पाहिला तेव्हा तो तंबूच्या दोरात पाय अडकून पडला होता आणि आईला हाका मारत होता. आजवर मी बोललो नाही, कारण मलाही एक गोष्ट झाकायची होती. रांजण गळका आहे आणि हासूबलाही काही पोटात ठेवता येत नाही. दोघांचे जमेल.

कलम पाचवे. हे सगळ्यात मोठे आहे. मल्कीएल, नवीन खापरी घे.

अफ्र्यात जन्मलेल्या माणसाला पाणी कसे प्यावे हे शिकवावे लागत नाही, पण बाहेरून सून आणली तर तिला शिकवतात. उभ्याने प्यायचे. हाताने पाणी उचलायचे, तोंडाशी न्यायचे. झऱ्यावर गुडघे टेकून तोंड लावायचे नाही. कारण हरोदच्या झऱ्यावर गिदोनने तेच पाहून निवड केली होती. हाताने पाणी उचलून चाटून प्यायले ते तीनशे ठेवले. गुडघे टेकून प्यायले ते घरी पाठवले. ते हजारो होते, पण आमच्या गावात त्यांना एकच नाव पडले. गुडघेटेके. त्यांच्या बायकांनी झऱ्यावर शेवटी घागर बुडवायची. त्यांच्या घरात मुलगी द्यायची नाही. ओज्नी गुडघेटेक्या आहे.

स्थळ पाहायची आमची रीतही तशीच. मुलाला झऱ्यावर न्यायचे आणि पाणी पी म्हणायचे. शिल्लेमने मागच्या महिन्यात पेलेतला त्याच्या मेंढवाड्यापासून भर उन्हात चालवत आणले, झऱ्यावर उभे केले आणि बाजूला जाऊन पाहत बसला. पोराने आधी मेंढीला पाजले. मग दोन्ही गुडघे टेकून झऱ्यात तोंड घातले आणि शिल्लेमच्या सांगण्याप्रमाणे शंभर आकडे मोजून होईपर्यंत वर काढले नाही.

शिल्लेम घरी आला तो ओरडतच. "दोन्ही टेकले त्याने! दोन्ही! एक टेकला असता तर मी डोळेझाक केली असती."

"तहान लागली होती त्याला," होग्ला म्हणाली. तिच्या हाताला कोपरापर्यंत माती होती. "तुम्ही त्याला उन्हातून पळवत आणलंत, वर त्याने हळूहळू चाटत बसायचं? मी त्याच्या जागी असते तर आत उडी मारली असती."

"तू तीनशेच्या घरातली मुलगी आहेस."

"मी कुंभाराच्या घरातली मुलगी आहे, बाबा. पाणी कशाने पितात ते मला चांगलं ठाऊक आहे. भांड्याने."

त्यावर शिल्लेमने माझ्याकडे बोट दाखवले. म्हणजे माझ्या डाव्या गुडघ्याकडे. "तुझ्या आजोबांनी हा गुडघा मिद्यान्यांना दिला, तो काय धनगराच्या घरात मुलगी द्यायला?"

मी तेव्हा गप्प बसलो. त्या गप्प बसण्याची मला इतकी लाज वाटली की दुसऱ्या दिवशी चाकावर माती धरवेना. म्हणून मी गिदोनला निरोप धाडला की मृत्युपत्राला साक्षीदार म्हणून ये. ओज्नीलाही बोलावले. आज दुपारी सगळे आमच्या अंगणात जमले होते. गिदोन आता फार थकला आहे. काठी टेकत आला. आल्याबरोबर सेरहला म्हणाला, "वहिनी, मसूर शिजतेय ना? मग मी साक्ष द्यायला तयार आहे." सत्तर मुलांचा बाप, पण स्वतःच्या घरी त्याला सुखाने जेवता येत नाही, जो तो काही ना काही मागत असतो. ओज्नी नेहमीप्रमाणे अंगणाच्या कडेला उभा राहिला. मी त्याला माझ्याजवळ बसायला लावले. मग मी जे बोललो ते मल्कीएलने इथे लिहावे.

माझा गुडघा लढाईत गेलेला नाही.

मिद्यानी दर वर्षी पीक तयार झाले की यायचे आणि आम्ही डोंगरातल्या गुहांत पळायचो, तेव्हाची गोष्ट. लोक धान्य घेऊन पळत होते, पोरे घेऊन पळत होते. मी माझे चाक घेऊन पळत होतो. वरचा दगड पाठीवर बांधला आणि चढ चढायला लागलो. दोर तुटला आणि दगड माझ्याच गुडघ्यावर आला. माझ्याच चाकाखाली सापडणारा अख्ख्या मनश्शेत मी एकटा कुंभार. ओज्नीने दगड बाजूला केला, मला खांद्यावर घेतले आणि गुहेत नेले. मग परत जाऊन दगडही आणला. तो वाटेत एकच वाक्य बोलला, "बेख्या, पुढच्या वेळी बारकं मडकं घे."

पाय वाचला, पण वाकेना तो आजतागायत. दोन वर्षांनी गिदोनने शिंग फुंकले. अबियेजेरचे सगळे पुरुष निघाले, मग मी घरी कसा राहणार? ओज्नीने हरोदपर्यंत मला पाठीवर नेले. चढ आला की तो दम खायचा आणि मी वरून वाट दाखवायचो, जणू मोठे कामच करत होतो. त्याची पखाल मीच रिकामी केली, कारण वर बसून ऊन फार लागते.

तिथे बत्तीस हजार माणसे जमली होती. गिदोन म्हणाला, ज्याला भीती वाटत असेल त्याने परत जावे. मला वाटत होती. बावीस हजार उठले आणि त्यांच्याबरोबर मीही उठणार होतो. पण परत जायला पाय लागतात आणि माझे पाय म्हणजे ओज्नी. मी त्याच्या कानात म्हटले, "चल, जाऊ या."

तो म्हणाला, "मी राहतोय. तुला जायचं तर जा."

तेव्हा मी राहिलो.

मग झऱ्यावर नेले. ओज्नीने मला पाण्याच्या काठाशी उभे केले. दिवसभर मला वाहून तो घामाने निथळत होता, जीभ टाळ्याला चिकटली होती. त्याने दोन्ही गुडघे टेकले आणि प्यायला. मला टेकता आले असते तर मीही टेकले असते, आणि झऱ्यात पडलो असतो तर आणखी बरे वाटले असते. पण पाय वाकत नव्हता. मी एका अंगाने झुकलो, हाताला लागेल तेवढे पाणी उचलले आणि चाटले. गिदोनच्या माणसाने मला उजवीकडे काढले आणि ओज्नीला डावीकडे.

जाणाऱ्यांनी आपली शिंगे आणि मडकी राहणाऱ्यांना द्यायची होती. ओज्नीने आपले शिंग माझ्या गळ्यात घातले. म्हणाला, "जपून उभा राहा." नेमके तेच काम निघाले. छावणीभोवती आपापल्या जागी उभे राहायचे, मडकी फोडायची, त्यांत लपवलेल्या मशाली धरायच्या, शिंगे फुंकायची. सगळे 'तलवार, तलवार' ओरडत होते आणि कोणाच्या हातात तलवार नव्हती, कारण हातच रिकामे नव्हते. उभे राहण्यात माझा हात कोण धरणार? मिद्यानी एकमेकांना कापत पळाले. बाकीचे त्यांच्या मागे धावले. मी दुपारपर्यंत तिथेच उभा होतो. तीनशे चांगली मडकी एका दमात फुटलेली पाहून मला जे वाटले ते कुंभारालाच कळेल.

घरी आलो तेव्हा कोणीतरी विचारले, "गुडघ्याला काय झालं, मिद्यान्याने मारलं का?" मी म्हटले, "हो." एक शब्द. त्या एका शब्दावर मी एकोणचाळीस वर्षे वेशीच्या ओट्यावर बसलो, पहिली भाकर खाल्ली आणि सेरहसारखी बायको मिळवली. ओज्नीची बायको तेवढी वर्षे झऱ्यावर शेवटी उभी राहिली. त्याची लेक इथे कोणी सून करून घेतली नाही, तिला दूर आशेरच्या मुलखात द्यावी लागली. ती आजवर दोनदा माहेरी आली आहे. ज्याच्या पाठीवर बसून मी हरोदला गेलो त्याला गाव गुडघेटेक्या म्हणत होते आणि मी ऐकत होतो. मला याची लाज वाटते. हे ठळक शाईने लिही.

एवढे बोलून मी थांबलो. सगळ्यांत आधी सेरह बोलली.

"मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"लढाईला दोन महिने झाले होते आणि वण होता दोन वर्षांचा. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते. एकोणचाळीस वर्षं! मडकं भाजायला एवढा वेळ लावला असता तर उपाशी मेलो असतो."

मी ओज्नीकडे वळलो. "आणि तू? तू एकदा तरी तोंड उघडायचंस."

ओज्नी खाली बघत म्हणाला, "तुझं लग्न ठरत होतं. मी बोललो असतो तर सेरहच्या बापाने तुला दारात उभं केलं नसतं."

"लग्न झाल्यावर?"

"मग पोर झालं. मग पोराचं पोर. बोलायला मुहूर्तच सापडला नाही. आणि मी दिवसभर मेंढरांत असतो, बेख्या. मेंढरं गुडघे टेकूनच बसतात. त्यांना त्यात काही वाटत नाही." मग म्हणाला, "लेकीचं तेवढं वाईट वाटलं."

मी त्याचा हात धरला. आम्ही दोघे म्हातारे रडलो ते सेरहने पाहिले नाही असे दाखवले आणि मसूर ढवळायला गेली.

गिदोन इतका वेळ डोळे मिटून बसला होता. मला वाटले झोपला. त्याने विचारले, "झालं सांगून?"

"झालं, दादा."

तो हसायला लागला. हसता हसता त्याला ठसका लागला, होग्लाने पाणी आणून दिले. "अरे, मी तुम्हाला शूर म्हणून निवडलं हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

शिल्लेम म्हणाला, "सगळेच सांगतात, गिदोनकाका."

"मला कुणी नाही सांगितलं. मला परमेश्वराने सांगितलं, माणसं फार झाली, कमी कर. का? तर जिंकल्यावर यांनी म्हणू नये की आम्ही जिंकलो. फुशारकी नको म्हणून तीनशे ठेवले! आणि तुम्ही तीनशे जण तेव्हापासून वेशीत बसून काय करताय? फुशारकीच मारताय!"

"पण हाताने पिणारेच का?"

"ते मी विचारलं नाही. त्याआधी त्याच्याकडे खूण मागताना एकदा रात्रीच्या दवात लोकर ओली करून दाखव म्हटलं होतं, एकदा कोरडी ठेवून दाखव म्हटलं होतं. तिसऱ्यांदा विचारायला मला तोंडच नव्हतं." गिदोनने डोळे पुसले. "आणि मी तरी कोण होतो रे, शिल्लेम? द्राक्षं तुडवायच्या खड्ड्यात लपून गहू झोडत होतो. देवाचा दूत आला तेव्हा माझ्या केसांत भुसा होता. तुझ्या बापाला पाय वाकवता येत नव्हता, मला मान वर करता येत नव्हती. असल्यांनाच घेऊन त्याने ते काम केलं. त्याची गंमत कळते का तुला?"

शिल्लेमला गंमत कळली नाही. तो उभा राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना.

"आबा, मी लहान होतो तेव्हा गावातल्या पोरांना तुमचा गुडघा दाखवायचो. एका अंजिराला एकदा. तुम्ही झोपलात की मी त्यांना आत आणायचो. मी त्यांना सांगायचो, हे माझे आबा." त्याने माझ्या गुडघ्याकडे हात केला. "आता काय सांगू? चाक पडलं होतं?"

मी म्हटले, "हो बाळा. चाक पडलं होतं."

तो माळवदावरून घोंगडी घेऊन निघून गेला. त्याच्या मागे पायरी हलली तेवढा आवाज झाला. मल्कीएलने खापऱ्या गोळा केल्या. गिदोन जेवून गेला, दोनदा वाढून घेतले. होग्ला भट्टीपाशी जाऊन बसली आणि मी तिच्याजवळ बसलो, डावा पाय सरळ करून. ती म्हणाली, "आजोबा, बाबा नाहीच म्हणाले तर?" घरातला कर्ता मुलगा वहाण देत नाही तोवर सोयरीक पक्की होत नाही, मी कितीही खापऱ्या भरल्या तरी.

इथून पुढचे आज, सहाव्या दिवशी, सकाळी.

काल जे सांगितले त्यावरून कलम पाचवे असे: माझ्या भिंतीवर टांगलेले मेंढ्याचे शिंग ओज्नीचे आहे, ते त्याला परत द्यावे. मी ते वाटून देत नाही, कारण ते माझे कधी नव्हतेच. वेशीच्या ओट्यावरची माझी जागाही त्याचीच. तीनशेपैकी कोणाला आक्षेप असेल तर त्याने गिदोनकडे जावे आणि तो काय म्हणतो ते ऐकून यावे.

कलम सहावे: होग्ला आणि पेलेत यांचे लग्न व्हावे अशी माझी

इथे मल्कीएलचा बोरू थांबला आहे, कारण शिल्लेम दारात आला. रात्रभर तो मळ्यातल्या झोपडीत होता म्हणे. दाढीतून पाणी गळत होते. अंगरखा छातीपर्यंत भिजला होता आणि दोन्ही गुडघ्यांना चिखल लागला होता. त्याच्या मागे पेलेत आणि ओज्नी उभे होते. झऱ्यावरून तो त्यांना घेऊनच आला होता.

सेरहने निवडायचे सूप खाली ठेवले. "काय रे हे? पडलास की काय कुठे?"

"पडलो नाही, आई. झऱ्यावर गेलो होतो. सगळ्या बायका पाणी भरत होत्या, त्यांच्यासमोर टेकले." त्याने माझ्याकडे पाहिले. "आबा, दोन्ही टेकले."

मी विचारले, "मग?"

"मग काय? गार होतं. हाताने उचललं की अर्धं सांडतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. छत्तीस वर्षांत आज पहिल्यांदा पोटभर पाणी प्यालो." तो हसू दाबत होता. "हासूबची सून ओरडली, अहो, तुम्ही तीनशेच्या घरचे ना? मी म्हटलं, नाही, मी कुंभाराच्या घरचा. माझ्या बापाला धनगराने पाठीवरून लढाईला नेलं होतं. ही गोष्ट त्या मिद्यान्यापेक्षा भारी आहे, आबा. तिथल्या तिथे दोनदा सांगायला लावली मला. आता या गोष्टीला दोन अंजिरं घेतली पाहिजेत."

मग तो ओज्नीसमोर वाकला, उजव्या पायातली वहाण सोडली आणि त्याच्या हातात दिली. तो वहाण छातीशी धरून उभा राहिला. पेलेत शिल्लेमच्या पायाकडे पाहत होता. म्हणाला, "मामा, दुसरीही द्या, एका पायाने घरी कसे जाल?" होग्ला भट्टीकडून धावत आली आणि मातीच्या हातांनी तिने बापाला अशी मिठी मारली की त्याचा अंगरखा आता धुऊन निघणार नाही.

तेव्हा कलम सहावे पुढीलप्रमाणे पुरे करावे: लग्न होणार. बार्लीची कापणी संपली की सात दिवसांचे. माझ्या घरचे सगळे वऱ्हाड वाजतगाजत झऱ्यावर जाईल आणि ज्याला ज्याला गुडघे आहेत तो टेकून पाणी पिईल. वरातीच्या पुढे ओज्नीने आपले शिंग फुंकावे. ओज्नीच्या लेकीला आशेरहून आणायला गाढव आणि माणूस आजच पाठवावा. ती येईपर्यंत लग्न लागणार नाही.

वरील सर्व मी वाचून घेतले, म्हणजे मल्कीएलने वाचले आणि मी ऐकले. यात शाईचा एकही शब्द माझ्या मनाविरुद्ध नाही. सेरहचे काही शब्द आहेत, पण ते खरे आहेत. मला लिहिता येत नाही, म्हणून माझ्या खड्ड्यातल्या ओल्या मातीवर अंगठा उमटवला आहे. ती माती होग्लाने भाजावी.

अंगठा: बेखेर, बाप अमीहूद, कुंभार.

साक्षीदार: गिदोन, बाप योवाश, अफ्रा. (काठीचा ठसा. मसूर उरली आहे का म्हणून सकाळीच आला.)

साक्षीदार: ओज्नी, बाप गेरा, धनगर, हरोदच्या वाटेवर दोन माणसांचे ओझे वाहिलेला.

संमती: शिल्लेम, बाप बेखेर, कुंभाराच्या घरचा. अनवाणी.

लिहिणार: मल्कीएल, वेशीवरचा.

ठिकाण अफ्रा. अबीब महिन्याचा सहावा दिवस. मिद्यानी पळाले त्याला एकोणचाळिसावे वर्ष.

शेवटचे आणि बंधनकारक: कलम एक ते चार माझ्या मृत्यूनंतर लागू व्हावीत, पाचवे आजपासूनच. कलम सहावे लागू होईपर्यंत मी मरणार नाही. मला ते डोळ्यांनी पाहायचे आहे, आणि मला झऱ्याकाठी नीट आडवे करायला कोणी मिळाले तर त्या दिवशी मीही तोंड लावून पिणार आहे.